थंडीसाठी भरलेली बॅग

६ जुलै

ठमीचं बाळंतपण नोव्हेंबरात आणि मी बॅग जुलैत काढली, म्हणून हे हसतात. हसू देत. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून अर्धा जन्म काढलाय मी. आयत्या वेळी बॅग भरणाऱ्या मुली टॉवेल विसरायच्या, मग शेजारणीचा वापरायच्या, आणि त्यावरून होणारी भांडणं माझ्या दारात यायची. बॅग बघून मुलगी ओळखायची सवय तिथेच लागली. सुट्टीला जाताना जी उशीसुद्धा बांधून नेते ती परत येणार नसते, हे तिच्या आईबापांच्या आधी मला कळायचं.

आमची एकुलती एक लेक ठमी लग्न करून ज्या देशात गेली तो देश म्हणजे एक प्रकरण आहे. उन्हाळ्यात म्हणे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं आणि हिवाळ्यात नाकातले केस गोठतात. जावई हे हसत हसत सांगतो, जणू त्यानेच करून ठेवलंय. नोव्हेंबरात बर्फ पडायला लागतो तो मार्चपर्यंत हलत नाही. ठमीने मला मे महिन्यातच फोनवर शिकवणी दिली. एकच जाडजूड स्वेटर आणायचा नाही, पातळ पातळ थर आणायचे. आत अंगासरशी बसणारं, त्यावर लोकरीचं, त्यावर वारा अडवणारं. घरात शिरलं की आत गरम असतं, तेव्हा एकेक उतरवत जायचं. मोजे दोन-दोन घालायचे असतील तर बूट एक नंबर मोठा घ्यायचा, नाहीतर बोटं आवळून ती उलट जास्त गारठतात. ओठांचं मलम बॅगेत नाही, पर्समध्ये. आणि कोट तिकडेच घेऊ म्हणाली, कारण आपल्याकडचा कोट तिकडच्या वाऱ्याला रुमालासारखा.

आज पलंगावर चादर अंथरून सगळं मांडलं. एका बाजूला माझं, एका बाजूला बाळाचं. बाळाची बाजू मोठी झाली. विणलेले स्वेटर, टोपरी, पायमोजे, धुऊन धुऊन मऊ केलेली दुपटी. मी एवढी मोठी बाई थर घालून हिंडणार, मग तान्ह्याला किती लागतील. यांनी येऊन एक पायमोजा अंगठ्यावर चढवला आणि नाचवला. मी हिसकावून घेतला, डाग पडतात.

यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय. आत हवेचा बुडबुडा सोडलाय, तो विरेपर्यंत विमानात बसायचं नाही आणि मान खाली घालून बसायचं. नोव्हेंबरपर्यंत सगळं ठीक होईल, तेव्हा दोघं मिळून जाऊ.

११ जुलै

आज शनिवार. ठमीचा फोन आला नाही. मी केला तर जावयाने उचलला.

"झोपलीये, आई."

तिकडे भर सकाळ. बरं नाही का, विचारलं. "नाही हो, दमलीये जरा." मागे कुणी बाई तिकडच्या भाषेत बोलत होती आणि काहीतरी एका लयीत टुक टुक वाजत होतं. कोण आलंय, विचारलं. म्हणाला, "टीव्ही चालू आहे."

त्यांच्याकडे टीव्ही नाही. घ्या घ्या म्हणून मीच दोनदा मागे लागले होते.

१२ जुलै

हे सकाळपासून गॅलरीत दार लावून फोनवर. मी गेले तर म्हणाले, "बँकेतून होता." रविवारी बँक. मी काही बोलले नाही. खोटं बोलणाऱ्याला लगेच टोकायचं नसतं, त्याला अजून थोडं बोलू द्यायचं असतं.

दुपारी थेंब घालताना बघितलं तर डोळ्यांना फार पाणी. ऑपरेशन उजव्याचं आणि पाणी दोन्हींना. संसर्ग दुसरीकडे गेला असेल तर बघायलाच नको. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "असू दे, येतं कधीकधी."

१३ जुलै

पाणी कुठे मुरतंय ते आज थोडं दिसलं.

चहा पिता पिता हे म्हणाले, "ठमीचं तिकीट आलंय तुझ्यासाठी. बावीस तारखेचं."

"कुठल्या महिन्याची बावीस?"

"याच."

मी कप खाली ठेवला. बाळंतपण नोव्हेंबरात आणि मी जुलैत जाऊन काय करू. तर म्हणाले, "तिला वाटतं तू आत्ताच यावंस. उन्हाळाही बघून होईल." उन्हाळा बघायला कोण जातं? इथे काय कमी आहे? आणि तुमच्या डोळ्याचं काय, विचारलं. "मी बघतो माझं." ज्या माणसाला पाण्याचा पेला समोर असून दिसत नाही तो म्हणतो मी बघतो माझं.

परतीचं तिकीट कधीचं, विचारलं. "ते नंतर काढू."

संध्याकाळभर विचार केला आणि एकेक मणी दोऱ्यात बसला. मे महिन्यात विहीणबाई आमच्याकडे आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या होत्या, "मलाही फार वाटतं हो जावं." आणि त्यांनी पासपोर्ट नवा करून घेतला, तेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे ठरलं असं असणार: मला आत्ता उन्हात बोलवायचं, पाहुणचार करायचा, दोन महिन्यांनी परत पाठवायचं. आणि खरी वेळ येईल तेव्हा बाळ हातात घ्यायला सासू हजर. आईच्या तोंडाला पानं पुसली, झालं.

यांनाही फितवलंय. तोंडावर लिहिलेलं आहे.

१४ जुलै

ठमीचा फोन आला एकदाचा. व्हिडिओ बंद. नेट बरोबर नाही म्हणे. आवाज बसलेला. विचारलं तर, "एसीने." पूर्वी एसी लावला की मीच तिला ओरडायचे तर म्हणायची, आई, एसीने काही होत नाही.

मी सरळ मुद्द्याला हात घातला. काय काय आणू?

"सुती कपडे आण. सैलसर. बाहेर जायला टोपी आण, इथलं ऊन वाईट आहे. बाकी काही नको."

"आणि थंडीचं?"

"थंडीचं काही आणू नकोस, आई."

"आणि बाळाचं? मी सगळं तयार केलंय."

फोन कापला गेला असं वाटलं मला. हॅलो, हॅलो केलं. मग म्हणाली, "इथे सगळं मिळतं."

"अगं पण हाताचं विणलेलं—"

"आई, हलकं सामान घेऊन ये. तू फक्त ये."

तू फक्त ये. म्हणजे रिकाम्या हातांनी ये. आजीने विणलेलं घालायचं नाही, कारण दुसऱ्या आजीचं येणार आहे. विहीणबाई शिवणक्लास चालवतात. त्यांचं शिवणकाम दुकानात ठेवण्यासारखं असतं, माझे टाके कुठे सैल कुठे घट्ट, हे मला माहीत नाही असं नाही. पण हे पोरीने आईला सांगायचं?

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. यांना सांगितलं तर मान आधीच खाली होती, ती आणखी खाली गेली.

१५ जुलै

आज दोनदा फोन केला, तर जावई दोन्ही वेळा घरी सापडला. कामाचा दिवस. नोकरी तर गेली नसेल? तसं असेल तर मला थंडीत पोसणं जड जाईल म्हणून आत्ता उरकून घेतायत. पण मग परतीचं तिकीट का नाही? नाही, हे जमत नाही. विहीणबाईंचंच जमतंय.

१६ जुलै

बॅग भरली. दोन्ही ऋतूंची एकदम भरता येत नाही, उन्हाळा हवेशीर आणि हिवाळा फुगीर. माझे थर काढून ठेवले. सुती कपडे, उन्हाची टोपी, घामोळ्यांची पावडर, उन्हात घालायच्या चपला, प्यायच्या पाण्याची बाटली. तेवढ्यात निम्मी बॅगही भरेना.

मग मी तळाशी बाळाचं सगळं घातलं. वर माझे कपडे. विहीणबाईंचं येईल तेव्हा येईल, माझं आधी पोचेल. पोरीच्या हातात ठेवलं की ती काय फेकून देणार आहे?

१७ जुलै

बॅगेतून वस्तू जातायत.

सकाळी चेन उघडली तर वरच्या घड्या मी घातल्या तशा नव्हत्या. माझी घडी वेगळी असते, कडेला कड. खाली हात घातला तर पांढरं टोपरं नाही, पायमोज्यांचे दोन जोड नाहीत. माझं स्वतःचं एकही कापड गेलेलं नाही. चोर म्हणावा तर मोठा निवडक.

कामाच्या मावशींना विचारलं. आडून विचारलं, पण त्या मावशी आहेत, दूधखुळ्या नाहीत. झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "बाई, माझ्या घरात सगळ्यात लहान माझा नवरा आहे. त्याला बसेल का टोपरं?"

यांनी आतून ऐकलं आणि बाहेर येऊन एकदम म्हणाले, "मावशींना काही बोलू नकोस." एवढा पुळका कधीपासून? बॅगेला कुलूप लावलं. किल्ली चष्म्याच्या घरात ठेवली.

१८ जुलै

आज विहीणबाईंकडे जाऊन आले. न कळवता गेले. कळवून गेलं की माणसं घर आवरून ठेवतात.

क्लासच्या दारावर बंदची पाटी. शनिवारी तर क्लास असतो. बेल वाजवली तर त्यांनीच दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. झोपल्या होत्या म्हणाल्या. पुढच्या खोलीत ओळीने मशीन आणि सगळ्यांवर झाकणं. कोपऱ्यातल्या एका मशीनवर मात्र इवलंसं झबलं, एक बाही जोडलेली आणि दुसरी नाही, दोरा तसाच लोंबत होता. माझी नजर तिकडे गेली आणि त्यांनी लगबगीने त्यावर ओढणी टाकली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी खुर्चीवर बसले आणि सरळ विचारलं.

"थंडीत तुम्ही जाणार आहात ना तिकडे?"

त्यांनी झबल्यावरची ओढणी आणखी पुढे ओढली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं. मला दिसतं. मला आत्ता पाठवतायत, परतीचं ठरवत नाहीत, बाळाचं काही आणू नको म्हणतायत. तुम्ही स्पष्ट सांगितलं असतंत तर मी एवढी वाईट नाही. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

मला वाटलं होतं नाही म्हणतील, शपथा घेतील. त्यांनी मशीनवरच्या त्या ओढणीचं टोक उगीच बोटात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "हो. थंडीत मी जाणार आहे."

कबूल. तोंडावर कबूल.

"आणि तुम्ही आत्ता जा," म्हणाल्या. "बावीसलाच जा. जाणार ना?"

"बाळंतपणाच्या वेळी लेकीजवळ आई लागते, विहीणबाई."

"आईच लागते," म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते. माझा राग असू दे, हवं तेवढं बोला मला. पण जा."

माझा हात धरला. मी सोडवून घेतला. एवढी घाई कशाची झालीय यांना माझी? पाणीसुद्धा न पिता उठले. जिन्यात उतरताना वाटलं, आपण बरोबर ओळखलं याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

१९ जुलै

मी जात नाही. ठरलं.

मला कुणाच्या तालावर नाचायचं नाही. लेक माझी, आणि मला वेळापत्रक विहीणबाईंचं. ठमीला फोन लावला. या वेळी तिनेच उचलला.

म्हटलं, "मला सगळं कळलंय."

 मग अगदी हळू म्हणाली, "बाबांनी सांगितलं?"

"बाबा कशाला सांगतील, ते तुमच्याच पार्टीत. मी तुझ्या सासूबाईंकडून वदवून घेतलं. थंडीत त्या येणार आहेत ना? मग आत्ताही त्यांनाच बोलाव. मी येत नाही."

वाटलं होतं भांडेल. लहानपणापासून ठमी म्हणजे शब्दाला शब्द. ती म्हणाली, "बरं, आई." आणि फोन ठेवला.

बरं, आई. एकदाही म्हणाली नाही की ये.

हे आत ऐकत होते. बाहेर आले आणि दारात उभे राहिले. "रद्द करू नकोस," म्हणाले. "एक दिवस थांब." मी म्हटलं, उद्या सकाळी प्रवासाच्या ऑफिसात जाऊन रद्द करून येते. जेवले नाहीत. मीही नाही. दोघं एकाच टेबलाशी बसलो आणि ताटं तशीच उचलली.

२० जुलै

लिहिते आहे. 

सकाळी तिकीट रद्द करायला निघाले. ऑफिसातल्या मुलीने पासपोर्ट मागितला, तो घरी राहिला होता. मी आणि पासपोर्ट विसरले. परत आले. माझ्या किल्लीने दार उघडलं.

हे खोलीत जमिनीवर बसले होते. बॅग उघडी. कुलपाची किल्ली सापडली होती त्यांना, एवढं काय अवघड होतं, आमच्याकडे लपवायच्या जागा किती. माझे कपडे बाजूला काढून ठेवलेले, आणि मांडीवर उशीचा अभ्रा. त्यात बाळाचं एकेक भरत होते. डॉक्टरांनी सांगितलं तशी मान खाली, चेहरा बॅगेत. दुपटं घेतलं की आधी त्याची घडी नीट करायची आणि मग आत. माझ्यासारखी. कडेला कड.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही."

त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "तू जाणार आहेस. आणि हे घेऊन जायचं नाही. ठमी बॅग उघडेल ना."

"का नाही न्यायचं?"

"बाळ नाही राहिलं गं."

मी उभीच होते. कुठल्याशा गाडीने खाली बराच वेळ हॉर्न वाजवला ते आठवतंय. आणि माझ्या तोंडून काय गेलं तेही लिहून ठेवते. मी म्हटलं, "असं कसं? काय केलं होतं तिने? डॉक्टरकडे वेळेवर गेली नव्हती का?"

तेव्हा यांनी मान वर केली. रागावले नाहीत. म्हणाले, "हेच. ती म्हणाली, बाबा, आईला सांगू नका. आई आधी विचारेल, कधी, कसं, कुणाचं चुकलं. मला उत्तरं माहीत नाहीत. तिला इथे येऊ द्या, मी समोर बसवून माझ्या तोंडाने सांगेन. माझ्याकडून वचन घेतलं तिने."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.  मग मी रडले ते किती वेळ, माहीत नाही. यांनी मला धरलं होतं. हा माणूस इतके दिवस एकटा हे घेऊन बसला होता आणि मी त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होते.

त्या शनिवारी ती दवाखान्यात होती. पाचवा महिना सरलेला. डॉक्टर म्हणाले, कुणाचंही काही चुकलं नाही, असं होतं. हे मला यांनी तीनदा सांगावं लागलं.

आणि काल मी तिला फोन करून म्हटलं, मला सगळं कळलंय. तिने श्वास रोखला असेल. तिला वाटलं असेल, चला, सांगायचं तरी वाचलं, आता आई म्हणेल निघाले. आणि आई म्हणाली, मी येत नाही. हे मी कुठे ठेवू, मला कळत नाही.

संध्याकाळ

मी फोन करते म्हटलं तर यांनी हात धरला. "ये म्हणून सांग. बाकी तिचं तिला सांगू दे." बरोबर आहे. फोन लावला. म्हटलं, "ठमे, मी येतेय. माझं डोकं फिरलं होतं. बावीसला निघते."

"खरंच?" म्हणाली. एवढंच.

विचारायचं इतकं होतं की दातांत जीभ धरून बसले. खाल्लंस का, एवढं सुद्धा विचारलं नाही. फोन ठेवल्यावर कळलं की तेवढं विचारता आलं असतं.

२१ जुलै

विहीणबाईंना फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही सापडला नाही. म्हटलं, "तुम्ही खोटं बोललात माझ्याशी."

"हो."

"का बोललात?"

"मला काही सुचेना," त्या म्हणाल्या. "तुम्ही दारात येऊन उभ्या. सांगायचं नाही म्हणून पोरांनी बजावलेलं. मला वाटलं, मला शह द्यायला तरी तुम्ही जाल."

मला हसू आलं आणि ते हसूच राहिलं नाही. त्यांचंही नातवंड गेलं होतं. मी त्यांच्या घरात बसून त्यांना भांड्याताकाच्या गोष्टी ऐकवल्या आणि त्यांनी ऐकून घेतल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ते राहू द्या, व्याह्यांच्या थेंबांचं काय करताय? रोज सकाळ-संध्याकाळ मी येत जाईन, क्लास सध्या बंदच आहे. मावशींना पण सांगून ठेवते म्हणाल्या. मावशींची मी आज माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं, साहेब एकटे बसून रडतात ते." घरात न कळलेली मी एकटीच.

आता बॅग.

एवढ्या बॅगा तपासल्या मी, पण ही मला भरता येईना. बाळाचं नेलं तर तिने चेन उघडताच ते वर येणार. नाही नेलं तर ती ओळखणार की आईला कळलंय, बाबांनी वचन मोडलं, आणि तिचं सांगायचं राहून जाणार. तासभर रिकामी बॅग समोर घेऊन बसले. मग अभ्रा यांच्या हाती दिला आणि म्हटलं, ठेवा तुमच्या कपाटात. ओळखलं तर ओळखू दे.

उन्हाळ्याचं वर ठेवायचं म्हणून तळाशी माझे हिवाळ्याचे सगळे थर भरले. आतलं, लोकरीचं, वाऱ्याचं. जाड मोजे. मोठ्या मापाचे बूट. ओठांचं मलम पर्समध्ये. बसेना, तेव्हा बॅगेवर बसून चेन ओढली, हे दुसऱ्या बाजूने.

"थंडीचं कशाला?" म्हणाले.

"परतीचं तिकीट नाही ना काढलेलं," म्हटलं. "तिला लागेल तितके दिवस राहीन."

२४ जुलै

काल पोचले. विमानतळाच्या बाहेर पडलं की अंगावर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. जावई न्यायला आला होता. बॅग उचलताना म्हणाला, "आई, काय दगड भरलेत?" मग दोन्ही हातांनी ती अलगद डिकीत ठेवली.

ठमी दारात उभी. वाळलीये. मी काही म्हटलं नाही. मिठी मारली तर तिने लगेच सोडवून घेतली आणि म्हणाली, "आधी आंघोळ कर, घामाघूम झालीस." मी केली.

बाहेर आले तर ती जमिनीवर बसून माझी बॅग उघडत होती. मी थांबवायला हवं होतं का? थांबवलं नाही. तिने सुती कपडे काढले. मग स्वेटर काढला, मोजे काढले, बूट काढले. प्रत्येक वस्तू काढताना खाली हात घालून चाचपत होती. तळ लागला. तरी एकदा हात फिरवला.

"आई, बाळाचं?"

मी तिच्यासमोर बसले.

"तुला माहितीये," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं."

माझ्याजवळ विचारायचं होतं तेवढं सगळं जिभेवर उभं होतं. कधी दुखायला लागलं, कुणी नेलं, डॉक्टर कोण, कुणी जवळ होतं की नव्हतं. बाहेर उन्हाने पडदासुद्धा पिवळा झाला होता.

मी म्हटलं, "तुझ्याकडून काही नाही कळलं मला. तू सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे प्रश्न विचारीन म्हणून वाट बघत होती बहुतेक. मी विचारला नाही. मग तिने बुटांची जोडी नीट शेजारी शेजारी ठेवली, आणि सांगायला लागली.

अंधार पडेपर्यंत सांगत होती. मी मधे एकदाही बोलले नाही.